छप्पन्न दिवसांचं घड्याळ

ब्रिटनमध्ये काही रस्त्यांवर तासभर गाडी फुकट लावता येते. अशा रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिलात तर एक गंमत दिसेल. गणवेशातला वॉर्डन एका गाडीपाशी वाकतो, चाकांकडे बघतो आणि हातातल्या यंत्रात काहीतरी टिपून पुढे जातो. टायरमधली हवा बघत होता का? छे! हवा भरायचा व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे, ते त्यानं नोंदवून ठेवलं. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह घड्याळातल्या दोनच्या जागी, मागच्या चाकाचा सातच्या. तासाभरानं स्वारी परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह जिथल्या तिथे? म्हणजे गाडी हललेलीच नाही!

‘अहो, मी मध्ये जाऊन आले, नशिबानं तीच जागा परत मिळाली,’ असं सांगून बघा. चाक थांबतं तेव्हा व्हॉल्व्ह वर-खाली कुठेही असू शकतो. त्यातून प्रत्येक वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जरा जास्त अंतर कापतात, त्यामुळे दोन व्हॉल्व्हमधला कोनही सारखा बदलत राहतो. फेरफटका मारून आलेल्या गाडीचे दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा दोन आणि सातवरच यायचे म्हणजे दैवच हवं. बोटभर रबरी नळी, पण केवढा पुरावा!

एवढा काटेकोरपणा बघितल्यावर वाटतं, या लोकांपुढे आपलं काय चालणार? खरं नवल तर इथूनच सुरू होतं. वॉर्डन ज्या नजरेनं तुमच्या चाकाकडे बघतो, त्याच नजरेनं इंग्लंडचा कायदा वॉर्डनच्या मालकाकडे, म्हणजे स्थानिक कौन्सिलकडे बघतो. पावतीवर एक तारीख राहून गेली, एका पत्राला उशीर झाला, दंडावर पौंड-दीड पौंड जादा लावला, की दंड कोसळू शकतो. आणि कौन्सिलला हा हिशोब द्यायला लावण्याचा हक्क लेस्टरमध्ये राहणाऱ्या तुमच्या भाचीलाही आहे. वकील न लावता, एक पेनीही न भरता.

हे जुळून आलं कसं?

१० जुलै १९५८ रोजी लंडनच्या मेफेअर भागात, ग्रोव्हनर चौकात, ब्रिटनमधले पहिले पार्किंग मीटर सुरू झाले. तासाला सहा पेन्स. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६०मध्ये, लंडनच्या रस्त्यांवर ट्रॅफिक वॉर्डन उतरले. त्यांनी फाडलेली पहिलीवहिली पावती कुणाच्या वाट्याला आली असेल? एका डॉक्टरांच्या! हॉटेलात कुणाला हृदयविकाराचा झटका आला होता, डॉक्टर धावत आत गेले होते, आणि बाहेर येऊन बघतात तो काचेवर पावती. लोकांत गहजब झाला आणि दंड माफ झाला. म्हणजे पहिल्या पावतीला पाठोपाठ पहिली तक्रारही चिकटली, आणि जिंकलीसुद्धा.

त्या काळी चुकीच्या जागी गाडी लावणं हा चक्क गुन्हा होता. पोलीस, मॅजिस्ट्रेट, सगळा लवाजमा. पण पोलिसांनी चोर पकडायचे की गाड्या मोजायच्या? लंडनचे रस्ते तुंबत गेले आणि पोलिसांचा या कामातला रस आटत गेला. अखेर १९९१च्या रोड ट्रॅफिक कायद्यानं हा विषयच फौजदारीतून उचलून दिवाणीत नेऊन ठेवला. १९९३मध्ये लंडनच्या वाँड्सवर्थ बरोनं, म्हणजे तिथल्या स्थानिक कौन्सिलनं, सुरुवात केली, मागोमाग बाकीचं लंडन आलं आणि मग हळूहळू देशभरातली कौन्सिलं. आता दंड लावणार कौन्सिल, वसूल करणार कौन्सिल आणि पैसे जमा होणार तेही कौन्सिलच्याच खात्यात.

यातली मेख दिसली? पावती फाडणारा तोच, तक्रार ऐकणारा तोच आणि पैसे खिशात घालणाराही तोच. असा कारभार कुठल्या थराला जाऊ शकतो, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. कायदा लिहिणाऱ्यांनाही ते कळत होतं. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. कौन्सिलच्या डोक्यावर एक तिऱ्हाईत बसवला, ज्याला अ‍ॅडज्युडिकेटर म्हणतात. हा अनुभवी वकील असतो, कौन्सिलचा नोकर नसतो, आणि त्याचा निकाल कौन्सिलला मान्य करावा लागतो. दुसरी गोष्ट, पैशाला कुलूप घातलं. रस्त्यावरच्या पार्किंगमधून खर्च वजा जाता जे उरेल ते कुठे वापरायचं, हे १९८४च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन कायद्याचं कलम ५५ ठरवून देतं: पार्किंगच्या सोयी, सार्वजनिक वाहतूक, रस्ते, परिसर सुधारणा. लंडनचे ज्येष्ठ नागरिक ज्या फ्रीडम पासवर शहरभर फुकट हिंडतात, त्याचा भार बऱ्याच बरो याच पैशांतून उचलतात. (सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे गेलेल्या आपल्या आजी-आजोबांना तो पास मिळत नाही. ते नुसतंच हेव्यानं बघतात.)

पण हे कुलूप खरंच लागतं, की नुसतं दाराला अडकवून ठेवलेलं असतं? उत्तर लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलनं २०११ साली रहिवाशांच्या पार्किंग परमिटचा वर्षाचा दर ४० पौंडांवरून एकदम १०० पौंड केला आणि पाहुण्यांसाठीचं एक पौंडाचं व्हाउचर चार पौंडांना विकायला काढलं. एक रहिवासी हायकोर्टात गेला. २०१३मध्ये निकाल आला: दुसरीकडचे खर्च भागवायला जादा पैसा हवा म्हणून हे दर वाढवता येणार नाहीत, कारण रहदारीचं नियमन करणारा कायदा कर गोळा करण्यासाठी केलेला नाही. बार्नेट हे नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता रस्त्यावर उतरू. कडेनं ओढलेला पिवळा पट्टा म्हणजे काय? रंग. नुसता रंग! त्याला जीव येतो तो कौन्सिलच्या कपाटातल्या एका आदेशामुळे. हा आदेश काढण्याआधी कौन्सिलला जाहीर सूचना द्यावी लागते आणि लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. आदेशात लिहिलंय एक आणि रस्त्यावर रंगवलंय दुसरंच, असं निघालं तर रंग खोटा ठरतो. शिवाय १९९६च्या नियमांप्रमाणे, आदेश काय आहे हे वाहनचालकाला पुरेसं कळेल अशा पाट्या लावणं हेही कौन्सिलचंच काम. पाटी झाडाच्या फांदीमागे गेली असेल, खांबावर उलटी फिरली असेल, तर प्रश्न तुम्हाला नाही, त्यांना विचारला जातो.

आणि या रंगाची भाषा तरी किती बारकाव्याची! दोन समांतर पिवळ्या रेषा असतील तर कधीही गाडी उभी करून ठेवायची नाही. एकच रेषा असेल तर पाटीवर लिहिलेल्या वेळेत नाही. पण दोन रेषांवर गाडी थांबवून आजींना उतरवणं? चालतं. दारात वॉशिंग मशीन उतरवणं? तेही साधारणपणे चालतं, फक्त आधी फुटपाथच्या कडेकडे बघायचं. कडेच्या दगडावर छोट्या आडव्या पिवळ्या रेघा मारलेल्या असतील तर सामान चढवायला-उतरवायलाही मज्जाव. जोडीनं मारलेल्या असतील तर कायमचा, एकेकट्या असतील तर ठरावीक वेळेपुरता. आणि या रेघा नसतील तर अपंगांचा निळा बॅज लावलेली गाडी दोन पिवळ्या रेषांवरही तीन तासांपर्यंत उभी राहू शकते. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कुणास ठाऊक! मशीन उतरवून बाहेर आल्यावर काचेवरचं पाकीट बघून ‘आपलंच चुकलं’ म्हणत मुकाट्यानं पैसे भरणारे कमी नसावेत.

रंगाचं झालं, आता कागदाचं. पावतीवर काय काय छापलं पाहिजे हे कायद्यानं ठरवून दिलंय. २००६ साली हेच बार्नेट कौन्सिल एका पावतीपायी हायकोर्टात पोचलं होतं. पावतीवर गाडी चुकीची लावल्याची तारीख होती, पण पावती दिल्याची तारीख मुख्य भागात नव्हती, फाडून पाठवायच्या खालच्या तुकड्यावर होती. कौन्सिलचं म्हणणं तुमच्या-माझ्यासारखंच व्यवहारी होतं: दोन्ही तारखा एकच तर आहेत, यात बिघडलं काय? वाहनचालकाचं कुठे नुकसान झालं? न्यायाधीशांचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. नुकसान झालं की नाही हा मुद्दाच नाही, असं ते म्हणाले. कायद्यानं घातलेल्या अटी पुऱ्या झाल्या तरच पैसे देण्याची जबाबदारी निर्माण होते. अटी पुऱ्या नाहीत, तर जबाबदारी जन्मालाच आली नाही. बार्नेट हरलं, आणि देशभरच्या कौन्सिलांना आपापले छापील नमुने काढून पुन्हा वाचावे लागले असणार.

मग २०११मध्ये लंडनचं कॅमडन कौन्सिल. क्रेडिट कार्डानं दंड भरला तर ते वर १.३ टक्के आकार लावत असे. शंभर पौंडांवर एक पौंड तीस पेन्स! हायकोर्ट म्हणालं, हा आकार लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? कायद्यानं दंडाची रक्कम ठरवून दिली आहे, तिच्यावर एक पेनीही चढवता येणार नाही.

हे वाचून उगाच हुरळून जाऊ नका. त्याच वर्षी सन्डरलंडचं एक प्रकरण अपील कोर्टात निकाली निघालं. पार्किंगच्या विभागातल्या काही रेषा आणि खुणा नियमांत तंतोतंत बसत नाहीत, सबब सगळ्या पावत्या रद्द करा, असा एका गृहस्थांचा दावा होता. कोर्टानं तो फेटाळला. ज्या खुणांच्या त्रुटीचा तुमच्या गाडीशी संबंध नाही आणि ज्यांनी कुणाची दिशाभूल झालेली नाही, त्यांचा आधार घेता येणार नाही. काही पठ्ठ्यांनी तर थेट १६८९चं बिल ऑफ राइट्स काढलं: दोष सिद्ध होण्याआधी दंड करता येत नाही, असं त्यात म्हटलंय म्हणे! न्यायालयांनी तेही चालू दिलं नाही. मला विचाराल तर हा समतोलच या व्यवस्थेतली सगळ्यात कौतुकाची गोष्ट आहे. पावतीवरची राहिलेली तारीख दंड पाडते, पण दुसऱ्याच गल्लीतल्या पुसट रेषेकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

आता भाचीची गाडी घेऊ. वायपरखाली प्लास्टिकचं पाकीट, आत पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे तिकडच्या बोलण्यातलं ‘पीसीएन’. इथून पुढचा प्रवास २००४च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट कायद्यावर चालतो आणि तो बुद्धिबळाच्या घड्याळासारखा आहे. आपली खेळी केली की आपला काटा थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो.

पहिला काटा भाचीचा. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी मोठ्या चुकीला ७० पौंड आणि छोट्या चुकीला ५०, अशी पट्टी आहे. लंडनमध्ये आकडे बरेच वर जातात. चौदा दिवसांत भरलं तर निम्मं. इथेच बहुतेक माणसं पाघळतात. ७०चे ३५ होताहेत ना, द्या आणि मोकळे व्हा! कौन्सिलला हे पक्कं ठाऊक असतं. पण भाचीनं त्या चौदा दिवसांत पैसे न भरता नुसतं पत्र किंवा ऑनलाइन तक्रार पाठवली तर? सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की अशी तक्रार फेटाळली तरी सवलतीचे चौदा दिवस पुन्हा द्यावेत. म्हणजे पहिली चाल जवळजवळ फुकट. फोटो जोडले, पाटी आणि गाडी एकाच चौकटीत दाखवली, पार्किंगचं तिकीट जोडलं, एवढ्यावरही बऱ्याच पावत्या रद्द होतात.

त्या पत्रात लिहायचं काय? इथे काही छोटे चमत्कार दडलेत. पैसे भरून गाडी लावली आणि वेळ संपली, तर लगेच पावती फाडता येत नाही. ६ एप्रिल २०१५पासून दहा मिनिटांची सूट कायद्यातच आहे. आणखी एक. ब्रिटिश नंबरप्लेटच्या ठरवून दिलेल्या अक्षरवळणात इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य हुबेहूब सारखे असतात, ‘आय’ आणि एकही तसेच! मोबाइल अ‍ॅपमध्ये नंबर टाकताना शून्याऐवजी ओ गेला की पैसे जमा होतात भलत्याच, बहुधा अस्तित्वातच नसलेल्या गाडीच्या नावावर. अशा वेळी बँकेतली नोंद आणि अ‍ॅपची पावती जोडून ‘पैसे तर तुम्हाला मिळालेत ना’ असं विचारणं सोपं असतं. आणि कॅमेरे? १ एप्रिल २०१५पासून कॅमेऱ्यावरून पार्किंगची पावती घरी पाठवायला इंग्लंडमध्ये मनाई आहे. बसथांबे, शाळेसमोरच्या खुणा अशा मोजक्या जागा सोडल्या, तर माणसानं प्रत्यक्ष तिथे जाऊनच पावती द्यायची. चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांमधून ई-चलान झेलणाऱ्या मुंबई-पुणेकरांना हे परीकथेसारखं वाटेल.

पहिलं पत्र फेटाळलं गेलं आणि भाचीनं पैसेही भरले नाहीत, की कौन्सिल गाडीच्या मालकाला नोटीस पाठवतं. मालकाला हं, चालवणाऱ्याला नाही! गाडी भाचीनं लावली असली आणि नोंद तिच्या नवऱ्याच्या नावावर असली, तर दंड नवऱ्याचा, मग तो त्या दिवशी नागपुरात आईच्या हातच्या पुरणपोळ्या खात बसलेला का असेना. गाडी चोरीला गेली होती, आधीच विकली होती, अशी सिद्ध करण्याजोगी कारणं असतील तर सुटका आहे. ही नोटीस साधारणपणे सहा महिन्यांच्या आत यावी लागते. आली की अठ्ठावीस दिवसांत औपचारिक हरकत नोंदवायची. उल्लंघन झालंच नाही, रक्कम जास्त लावली, कौन्सिलनं प्रक्रियेत चूक केली, अशी ठरावीक कारणं कायद्यात आहेत आणि शेवटी एक उघडं दार आहे: सबळ कारण. दवाखान्यात धावावं लागलं, गाडी बंद पडली, असं काहीही मांडता येतं आणि कौन्सिलला ते विचारात घ्यावंच लागतं.

आणि आता भाची घड्याळावर हात मारते. काटा कौन्सिलकडे!

छप्पन्न दिवस. २०२२च्या नियमांप्रमाणे एवढ्या अवधीत कौन्सिलनं उत्तर दिलंच पाहिजे. नाही दिलं तर? आपल्याला सवय काय असते? स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र, मग खिडकीवर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. इथे छप्पन्न दिवस उलटले की हरकत मान्य केली असं धरलं जातं. दंड रद्द. सरकारी गप्प बसण्याचा फायदा नागरिकाला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओळ परत वाचावी लागली.

उत्तर द्यायचं कुणी, यालाही नियम आहे. आपल्याकडे टोइंगच्या गाडीवर स्कूटर चढली की पहिला फोन कुणाला जातो? ओळखीच्या नगरसेवकाला. ‘भाऊ, जरा मिटवा ना!’ ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की एकेका तक्रारीच्या निर्णयात निवडून आलेल्या सभासदांनी पडायचं नाही. वॉर्डनचा पगार किंवा बढती त्यानं फाडलेल्या पावत्यांच्या संख्येला बांधायची नाही, हेही त्यातच आहे.

समजा कौन्सिलनं वेळेत हरकत फेटाळली. काटा पुन्हा भाचीकडे, अठ्ठावीस दिवस. आता मात्र सवलत गेलेली असते आणि पणाला लागलेली असते पूर्ण रक्कम. जायचं ट्रायब्युनलकडे. लंडनचं वेगळं, बाकी इंग्लंड आणि वेल्सचं वेगळं. फी शून्य. हरलात तरी मूळ दंडच भरायचा. समोरच्याचा खर्च अंगावर पडतो तो अगदी ताळतंत्र सोडून वागलात तरच. सुनावणी फोनवर किंवा व्हिडिओवर होते, नको असेल तर नुसत्या कागदपत्रांवर. सिद्ध करण्याचा भार आधी कौन्सिलवर. वॉर्डनची टिपणं, फोटो, रस्त्याचा आदेश, सगळा गठ्ठा त्यांनी तयार करायचा आणि एक प्रत भाचीला द्यायची.

हा गठ्ठा बांधायला एका माणसाचे काही तास जातात, आणि प्रश्न असतो ७० पौंडांचा. मग काय होतं? अपील दाखल झाल्याबरोबर कितीतरी प्रकरणांत कौन्सिल लढायलाच येत नाही. कालपर्यंत ‘आपली हरकत अमान्य’ म्हणणारं कार्यालय आज पावती मागे घेतं. त्याच गाडीची, त्याच रस्त्यावरची, तीच पावती! आणि जी प्रकरणं दाखल होतात त्यांच्यातली, ही मागे घेतलेली धरून, जवळपास निम्मी वाहनचालकाच्या बाजूनं सुटतात.

अ‍ॅडज्युडिकेटरलाही एक मर्यादा आहे. नियम मोडला हे खरं, पण कारण मन हेलावणारं आहे, अशा वेळी तो स्वतः दंड माफ करू शकत नाही. तो प्रकरण कौन्सिलकडे परत पाठवतो: पुन्हा विचार करा. आणि लगेच नवं घड्याळ सुरू होतं, पस्तीस दिवसांचं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर शिफारस मान्य झाली असं समजायचं. हे घड्याळ लावणाऱ्याला सरकारी कचेऱ्यांचा स्वभाव नेमका माहीत असला पाहिजे.

एवढं सगळं असूनही या दारापर्यंत येतं कोण? अलीकडच्या वर्षांत एकट्या लंडनमध्ये वर्षाला सत्तर लाखांहून जास्त पावत्या फाटतात, बसच्या मार्गिका आणि चुकीची वळणं धरून. ट्रायब्युनलपर्यंत पोचतात त्या शंभरात एकाहून कमी. माझ्या मते यात सचोटीपेक्षा त्या निम्म्या सवलतीचाच वाटा मोठा आहे.

एक सावधगिरी. सुपरमार्केटच्या किंवा मॉलच्या आवारात खासगी कंपनी जी पावती देते, तीही ‘पीसीएन’च म्हणवते आणि दिसायलाही मुद्दाम तशीच असते. पण तिचा वरच्या कायद्याशी काही संबंध नाही. ती कराराची भानगड. चेम्सफर्डच्या एका दुकानांच्या आवारात दोन तासांची मुभा असताना छप्पन्न मिनिटं जास्त थांबलेल्या एका गृहस्थांनी ८५ पौंडांविरुद्ध लढत लढत सर्वोच्च न्यायालय गाठलं. २०१५मध्ये ते तिथे हरले. छप्पन्नाचा आकडा सगळ्यांना सारखा लाभत नाही.

आणि समजा भाचीला यातलं काही कळलंच नाही? घर बदललं, गाडीच्या नोंदीवरचा पत्ता बदलायचा राहिला, नोटीस जुन्या दारात पडून राहिली, असं हमखास होतं. तिकडे मात्र गाडा पुढे सरकत असतो. मुदत उलटली की दंडावर पन्नास टक्के चढतात, ७०चे १०५ होतात, आणि मग प्रकरण नॉर्दम्प्टनला जातं. इंग्लंड-वेल्समधल्या कौन्सिलांच्या थकलेल्या पावत्या या एकाच गावातल्या काउंटी कोर्टाच्या केंद्रात नोंदवल्या जातात. तिथून वसुलीचा हुकूम निघतो आणि एका सकाळी दारात वसुली अधिकारी.

पण इथेही एक कागद आहे, ‘टीई-नाइन’ नावाचा. नोटीस मला मिळालीच नाही, असं त्यावर लिहून सही करायची आणि नॉर्दम्प्टनला पाठवायचा. तो स्वीकारला गेला की काळ उलटा फिरतो! वसुलीचा हुकूम रद्द, चढलेले पन्नास टक्के रद्द, आणि कौन्सिल नवी नोटीस पाठवू शकतं, अठ्ठावीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. पावती मात्र जिवंत राहते, तेव्हा नाचायची घाई नको. आणि सही करण्याआधी कागदावरची बारीक अक्षरं वाचावीत, कारण मजकूर खोटा निघाला तर मामला पार्किंगचा राहत नाही. तो न्यायालयाचा अवमान होतो, आणि तिथे चौदा दिवसांत निम्मी सवलत नसते.